ट्विनसेटसाठी रेग्युलेटर निवडताना: ठाणे-नवी मुंबईतील नवख्या टेक्निकल डायव्हरसाठी मार्गदर्शन

एका सिलिंडरवर पन्नास-साठ डाइव्ह करून झाल्यावर ४० मीटरच्या मर्यादेपलीकडचे किंवा वर येताना डीकॉम्प्रेशनचे, म्हणजे शरीरात मुरलेला वायू निघून जावा म्हणून, थांबे घ्यावे लागणारे डायव्हिंग शिकावे, असा विचार ज्यांच्या मनात आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील बरेच डायव्हर पहिला कोर्स तारकर्लीला, गोव्यात किंवा अंदमानात करतात, पुढची काही वर्षे सुट्टी मिळेल तशा डाइव्ह करतात, आणि मग ट्विनसेटचा, म्हणजे पाठीवर मॅनिफोल्डने जोडलेल्या दोन सिलिंडरांचा, कोर्स करायचे ठरले की सर्वांत आधी कोणत्या कंपनीचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधला गॅस श्वास घेण्याजोगा करून देणारे साधन, घ्यावा हे विचारू लागतात. मीही हेच विचारले होते, आणि उत्तर मिळाल्यावर घाईने पैसे भरून पुढच्या वर्षी त्यातला अर्धा माल बदलला होता. कंपनी हा या निवडीतला शेवटून दुसरा प्रश्न आहे. कोणता होज (गॅसची नळी) कोणत्या व्हॉल्व्हवरून निघून शरीराच्या कोणत्या बाजूने कुठे जाणार, हे आधी ठरते; त्यावरून फर्स्ट स्टेजचा, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाचा, आकार ठरतो; आणि त्या आकारात बसणाऱ्या चार-पाच मॉडेलांपैकी ज्याची दुरुस्ती आपल्या आवाक्यात आहे, ते घ्यायचे असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. हा लेख वाचून सामान घेता येईल, पण त्या सामानाने खोल जाता येणार नाही. टीडीआय, पॅडी, एसएसआय, जीयूई यांसारख्या संस्थांच्या टेक्निकल कोर्सखेरीज, आणि शक्यतो ज्या प्रशिक्षकाकडे कोर्स करणार आहात त्याचे मत घेतल्याखेरीज, एकही वस्तू विकत घेऊ नये. कारण होजच्या मांडणीबाबत संस्थासंस्थांत थोडे मतभेद आहेत आणि तुमची मांडणी तुमच्या जोडीदारांच्या मांडणीशी जुळणे हे कोणत्याही मॉडेलच्या श्रेष्ठत्वापेक्षा महत्त्वाचे असते.

आधी कागद आणि पेन्सिल

कागदावर दोन सिलिंडर शेजारी शेजारी काढा, आपण डायव्हरच्या पाठीमागे उभे राहून पाहत आहोत अशा रीतीने. दोघांच्या माथ्यावर एकेक व्हॉल्व्ह आणि दोघांना जोडणारी आडवी नळी काढा. ती नळी म्हणजे मॅनिफोल्ड, आणि तिच्या मध्यावरचा व्हॉल्व्ह म्हणजे आयसोलेटर. आता दोन्ही व्हॉल्व्हवर एकेक फर्स्ट स्टेज बसवा. सिलिंडरमधील २०० बार किंवा त्याहून अधिक दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बारने जास्त इतक्या मधल्या दाबावर आणण्याचे काम फर्स्ट स्टेज करते, आणि तो मधला दाब श्वास घेता येईल इतका खाली आणण्याचे काम तोंडातली सेकंड स्टेज करते, हे तुम्हाला पहिल्या कोर्सपासून माहीत आहेच.

एका सिलिंडरच्या मांडणीत मुख्य सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस (राखीव सेकंड स्टेज) या दोघांनाही एकाच फर्स्ट स्टेजमधून हवा मिळते, त्यामुळे ती बिघडली की दोन्ही एकदम जातात. ट्विनसेटमध्ये दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज असतात, आणि नवखे लोक इथे हटकून एक चूक करतात: उजवा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे उजव्या सिलिंडरमधला गॅस अडकला, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. उजवा व्हॉल्व्ह बंद केला तर फक्त उजवी फर्स्ट स्टेज बंद होते. आयसोलेटर उघडा असेपर्यंत दोन्ही सिलिंडरांतला सगळा गॅस डाव्या फर्स्ट स्टेजमधून मिळत राहतो. गळती मॅनिफोल्डमध्येच किंवा सिलिंडरच्या मानेशी असेल, तेव्हा आयसोलेटर बंद करून निदान अर्धा गॅस वाचवायचा असतो. ट्विनसेटचा सगळा फायदा या तीन व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि म्हणून रेग्युलेटरने पार पाडायची पहिली अट अशी, की त्याच्या होजमुळे हे तीन व्हॉल्व्ह हाताला लागण्यात अडथळा येता कामा नये.

आता होज काढा. उजव्या फर्स्ट स्टेजवरून सुमारे २.१ मीटरचा लांब होज निघतो; तो पाठीमागून उजव्या बाजूने खाली कमरेपर्यंत उतरतो, छातीवरून तिरका वर येतो, मानेमागून फिरून उजव्या बाजूने तोंडात येतो. याच सेकंड स्टेजमधून तुम्ही श्वास घेत असता आणि जोडीदाराचा गॅस संपला तर हीच त्याला देता. होज इतका लांब ठेवण्याची पद्धत गुहांमधल्या डायव्हिंगमधून आली, कारण अरुंद वाटेतून दोघांना एकामागे एक बाहेर पडावे लागते. उघड्या समुद्रातही दोन घाबरलेल्या माणसांमध्ये थोडे अंतर राहिलेले चांगलेच असते. उजव्याच फर्स्ट स्टेजवरून विंगचा, म्हणजे तरंगण्यासाठी पाठीवर असलेल्या फुग्याचा, इन्फ्लेटर (गॅस भरण्याचा) होज निघतो. डाव्या फर्स्ट स्टेजवरून सुमारे ५५ ते ६० सेंटिमीटरचा लहान होज निघून मानेमागून उजवीकडे येतो आणि त्याची सेकंड स्टेज रबरी दोरीने हनुवटीखाली लटकत राहते. प्रेशर गेज डाव्या फर्स्ट स्टेजवर असतो आणि त्याचा होज सरळ खाली डाव्या कमरेच्या डी-रिंगपर्यंत जातो.

मुख्य सेकंड स्टेज उजवीकडेच का, हे समजून घेतले नाही तर ही मांडणी पाठांतर होऊन बसते. डायव्हर पुढे सरकत असताना त्याचे व्हॉल्व्ह गुहेच्या छताला, बुडालेल्या जहाजाच्या पत्र्याला किंवा एखाद्या दोराला घासले, तर डाव्या व्हॉल्व्हची मूठ बंद होण्याच्या दिशेने फिरते आणि उजव्याची उघडण्याच्या दिशेने. म्हणजे नकळत बंद पडण्याचा धोका डाव्या बाजूला अधिक आहे. श्वास, जोडीदाराला द्यायचा होज आणि विंग फुगवण्याची सोय उजवीकडे ठेवली, की डावा व्हॉल्व्ह फिरून बंद झाला तरी या तिन्ही गोष्टी चालू राहतात. या मांडणीला हॉगार्थियन म्हणतात. अमेरिकेतील फ्लोरिडाचे गुहा-डायव्हर विल्यम हॉगार्थ मेन यांच्या मधल्या नावावरून ते पडले.

आपल्याकडच्या पाण्यासाठी या नकाशात एक भर घालावी लागते. थंड देशांत डाव्या फर्स्ट स्टेजवरून ड्रायसूटचा (आत पाणी न शिरणाऱ्या पोशाखाचा) इन्फ्लेटर निघतो आणि विंग फाटली तर ड्रायसूट फुगवून तरंगता येते. अंदमान, नेत्राणी (मुर्डेश्वरजवळचे बेट) किंवा मालवणच्या कोमट पाण्यात ड्रायसूट कोणी घालत नाही, त्यामुळे तरंगण्याची दुसरी सोय आपोआप मिळत नाही. प्रशिक्षक यावर दोन फुग्यांची विंग सुचवील किंवा हलके अॅल्युमिनियमचे सिलिंडर घेऊन वजनाचे गणित सांभाळायला सांगेल. दोन फुग्यांची विंग घेतलीत तर दुसऱ्या इन्फ्लेटरचा होज डाव्या फर्स्ट स्टेजवरून निघेल, आणि तेवढा एक पोर्ट (होज जोडण्याचे छिद्र) त्या बाजूला मोकळा हवा. हा नकाशा काढून त्यावर दोन्ही बाजूंचे पोर्ट मोजले, की दुकानात काय मागायचे ते आपोआप ठरते: उजवीकडे कमी दाबाचे दोन, डावीकडे कमी दाबाचे दोन आणि जास्त दाबाचा एक, आणि सगळे खाली किंवा किंचित तिरके पाहणारे.

फर्स्ट स्टेज

पोर्टची दिशा ही गोष्ट कॅटलॉगमध्ये शेवटी छापलेली असते आणि ट्विनसेटवर तीच सर्वांत आधी अंगाशी येते. माझ्याकडे एका सिलिंडरवर वापरलेला जुना रेग्युलेटर होता. तो चांगला चालत होता, म्हणून मी दुसऱ्या व्हॉल्व्हसाठी एकच नवा घेतला. जुन्या फर्स्ट स्टेजचे पोर्ट चारही दिशांना होते, ट्विनसेटवर ती आडवी बसली तेव्हा एक होज डोक्याच्या बाजूने शिंगासारखा वर निघाला, आणि ठाण्याच्या तरण तलावात व्हॉल्व्ह बंद करण्याचा सराव करताना माझा हात दर वेळी मुठीऐवजी त्या होजवर जाऊन अडकत असे. तलावात हसू आले. ३५ मीटरवर आले नसते.

म्हणून दोन्ही फर्स्ट स्टेज एकाच मॉडेलच्या घ्याव्यात. त्यामुळे होजची दिशा दोन्हीकडे सारखी मिळते, दुरुस्तीचे सुटे भाग एकच लागतात, आणि प्रवासात एक बिघडली तर दुसरीचे प्लग, ओ-रिंग वगैरे उपयोगी पडतात. फिरणारी डोकी असलेल्या फर्स्ट स्टेज, म्हणजे ज्यांतील कमी दाबाचे पोर्ट असलेला भाग गोल फिरवता येतो आणि ज्यांच्या टोकाला पाचवा पोर्ट असतो, त्या ट्विनसेटवर फार सोयीच्या पडतात. स्कूबाप्रोची एमके २५ आणि एपेक्सची डीएसटी ही याची प्रचलित उदाहरणे आहेत. टोकाच्या पोर्टमधून लांब होज थेट खाली सोडता येतो. फिरणाऱ्या डोक्यात एक जादा ओ-रिंग असते, म्हणजे गळण्याची एक जादा जागा असते, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, परंतु नेमून दिलेल्या वेळी दुरुस्ती करणाऱ्याला त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही.

सिलिंडरला जोडण्याची पद्धत मात्र वादाचा विषय नाही: डिन घ्यावी. योक पद्धतीत रेग्युलेटर व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखा आवळला जातो आणि ओ-रिंग व्हॉल्व्हच्या तोंडावर असते. बाजूने ठोकर बसली तर ती बाहेर सरकून गॅस सुटू शकतो. डिन रेग्युलेटर आट्यांनी व्हॉल्व्हच्या आत जातो आणि ओ-रिंग आतच बंदिस्त राहते. डिनमध्येही दोन प्रकार आहेत, २०० किंवा २३२ बारचा पाच आट्यांचा आणि ३०० बारचा सात आट्यांचा. ३०० बारचा रेग्युलेटर दोन्ही व्हॉल्व्हवर बसतो, लहान आट्यांचा मात्र ३०० बारच्या खोल व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून लांब आट्यांचाच घ्यावा. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक केंद्रांत सुट्टीच्या डाइव्हसाठी मिळणारे सिलिंडर योकचे असतात. त्यांच्या व्हॉल्व्हमधली चकती पुष्कळदा अॅलन-कीने काढून डिन बसवता येते, आणि जिथे ती निघत नाही तिथे चांगल्या कंपनीचा डिन-योक अडॅप्टर पिशवीत असावा. तो ट्विनसेटवर वापरण्यासाठी नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

पिस्टन की डायफ्रॅम, हा वाद डायव्हर लोक चहाच्या टपरीवरही घालतात. पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये हलणारे भाग कमी असतात, ती दणकट असते आणि गॅस भरपूर सोडते. पण साध्या पिस्टन रचनेत समुद्राचे पाणी थेट स्प्रिंगच्या खोलीत शिरते. डायफ्रॅमच्या रचनेत भाग अधिक असतात, परंतु पाण्यापासून ती पूर्ण बंद करणे सोपे असते. या बंदिस्तपणाची जाहिरात थंड पाण्यात गोठू नये म्हणून केली जाते, आणि आपल्याला त्या कारणासाठी तिची गरज नाही. तरीही मी बंदिस्त डायफ्रॅमच्या बाजूने आहे. कोकणच्या पाण्यात गाळ असतो, डाइव्हनंतर गोडे पाणी दर वेळी पुरेसे मिळतेच असे नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने सामान ठाण्यातल्या एखाद्या दमट खोलीत पडून असते. आत राहिलेल्या मिठाला पितळ हिरवे करायला तेवढा अवधी पुष्कळ होतो. ज्याच्या घराजवळ पिस्टनची उत्तम दुरुस्ती होते, त्याने खुशाल पिस्टन घ्यावा.

फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड असावी, म्हणजे सिलिंडरमधला दाब उतरत गेला तरी मधला दाब जवळपास स्थिर राहिला पाहिजे. अनबॅलन्स्ड स्वस्त असतात आणि उथळ पाण्यात त्यांनी काही बिघडत नाही. परंतु खोलीवर, सिलिंडर अर्ध्याखाली आलेले असताना आणि जोडीदारही आपल्याच गॅसवर असताना, श्वास ओढून घ्यावा लागणे परवडणारे नाही.

सेकंड स्टेज आणि गॅसची घनता

खोलीबरोबर गॅस घट्ट होत जातो. पृष्ठभागावर हवेचे वजन लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास असते, ४० मीटरवर दाब पाचपट झाल्याने ते लिटरला ६ ग्रॅमच्या घरात जाते. डायव्हिंगच्या वैद्यकीय संशोधनातून पुढे आलेली शिफारस अशी, की घनता शक्यतो ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ ग्रॅम ओलांडू नये, कारण त्यापुढे शरीरात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका वाढतो. टेक्निकल डायव्हर हीलियम मिसळलेला ट्रायमिक्स वापरतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. कितीही महागडा रेग्युलेटर घट्ट गॅसला पातळ करू शकत नाही, पण वाईट रेग्युलेटर त्या घट्ट गॅसवर स्वतःचा अडथळा मात्र चढवतो.

रेग्युलेटरवर ईएन २५० हे युरोपीय मानक छापलेले असते. त्याची चाचणी ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासावर घेतली जाते आणि श्वासासाठी लागणारे काम लिटरला ३ ज्यूलच्या आत असावे लागते. टेक्निकल डाइव्ह ५० मीटरच्याही खाली जातात, तेव्हा हे मानक किमान पात्रता समजावी. नुसता शिक्का पाहून न थांबता त्या मॉडेलचा श्वासाच्या कामाचा आकडा ३ च्या किती खाली आहे तेही पाहावे.

दोन्ही सेकंड स्टेज बॅलन्स्ड आणि चांगल्या प्रतीच्या असाव्यात. बॅकअप, म्हणजे हनुवटीखाली लटकणारी सेकंड स्टेज, हा फक्त अडचणीसाठी आहे म्हणून तिथे स्वस्त वस्तू बसवण्याचा मोह होतो. पण जोडीदाराला मुख्य सेकंड स्टेज दिली की डाइव्हचा उरलेला सगळा वेळ, थांब्यांसह, तुम्हाला त्या बॅकअपवरच काढायचा असतो. श्वासाचा ताण कमी-जास्त करण्याची मूठ मुख्य स्टेजला असावी. बॅकअपला ती असल्यास थोडी आवळून ठेवावी, म्हणजे छातीवर लटकत असताना पाण्याच्या प्रवाहाने ती आपोआप सुटणार नाही. समोरचे झाकण पाण्याखाली हाताने उघडता येत असेल तर डायफ्रॅमखाली अडकलेला वाळूचा कण काढता येतो.

होज

होजवर मी थोडा अधिक थांबतो, कारण आपल्या हवामानात सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. होज रबरी असतात किंवा वरून नायलॉनची वीण असलेले. विणलेले होज हलके असतात, रंगीत मिळतात, पिशवीत सहज गुंडाळले जातात. त्यांच्या आत मात्र पॉलियुरेथेनची नळी असते. यांपैकी काही होजांत उष्णता आणि दमटपणा यांमुळे ही आतली नळी विघटित होऊन तिचे पिवळसर स्फटिक तयार झाल्याचे आढळले आहे, आणि ते सुटून सेकंड स्टेजमध्ये गेले तर गॅसचा प्रवाह अडू शकतो. होज बाहेरून नवाकोरा दिसत असताना आतून खराब झालेला असू शकतो, हा यातला खरा धोका. रबरी होज म्हातारा झाला की टोकाशी तडे दाखवून आधी सूचना देतो. उष्णता आणि दमटपणा या दोन गोष्टी ठाण्यात वर्षातून किती महिने असतात ते सांगायला नको. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा माळा एप्रिल-मेमध्ये काय तापतो ते पाहा, आणि तुमचे होज तिथेच ठेवलेले नाहीत ना याची खात्री करा. माझे मत सरळ आहे: ट्विनसेटवर सगळे होज रबरी. विणलेले घेतलेच, तर ते उत्पादकाने ठरवून दिलेल्या मुदतीनंतर न चुकता बदलावेत.

लांबीच्या बाबतीत वर सांगितलेले आकडे सरासरी बांध्याच्या माणसासाठी आहेत. २.१ मीटरचा होज बुटक्या माणसाला सैल वाटला तर जादा भाग कमरेच्या पट्ट्यात खोचता येतो. लहान होज मात्र मोजूनच घ्यावा, कारण तो तोकडा असेल तर मान वळवताना सेकंड स्टेज तोंडातून ओढली जाते आणि लांब असेल तर कमानीसारखा बाहेर येऊन कशालाही अडकतो.

कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या पोर्टचे आटे आधुनिक फर्स्ट स्टेजमध्ये वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे चुकीचा होज चुकीच्या जागी बसत नाही. फुटलेल्या होजबाबतही एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवावी: जास्त दाबाचा, गेजचा होज फुटला तर आवाज मोठा होतो, पण त्याच्या वाटेवर सुईच्या टोकाएवढे छिद्र असल्याने गॅस तुलनेने सावकाश जातो, कमी दाबाचा होज फुटला तर सिलिंडर काही मिनिटांत रिकामे होऊ शकतात.

गेज एकच पुरतो, साधा, पितळेच्या खोक्यातला, कंपास वगैरे न जोडलेला. दोन १२ लिटरच्या सिलिंडरांत २०० बारवर ४,८०० लिटर गॅस असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा माणूस ४० मीटरवर १०० लिटर घेतो. हा हिशेब करायला सुईचा गेज आणि डोके पुरेसे आहे.

डीकॉम्प्रेशनच्या सिलिंडरचा रेग्युलेटर

पहिल्या कोर्सच्या पुढच्या टप्प्यावर बाजूला लटकवायचा एक लहान सिलिंडर येतो, ज्यात ५० टक्के नायट्रॉक्स (ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा) किंवा शुद्ध ऑक्सिजन असतो. त्यासाठी तिसरा, स्वतंत्र रेग्युलेटर लागतो: एक फर्स्ट स्टेज, सुमारे एक मीटरच्या होजवर एक सेकंड स्टेज आणि १५ सेंटिमीटरच्या आखूड होजवर एक लहान गेज. हा रेग्युलेटर फार भारी असण्याची गरज नाही, कारण ५० टक्के मिश्रण २१ मीटर किंवा त्याहून कमी खोलीवर आणि शुद्ध ऑक्सिजन ६ मीटर किंवा त्याहून कमी खोलीवरच वापरायचे असते. तो ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेला मात्र असलाच पाहिजे: ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनसाठी ओ-रिंग आणि ग्रीस ऑक्सिजनला चालणारे लागतात, साधे सिलिकॉन ग्रीस किंवा तेलाचा अंशही चालत नाही, आणि टायटॅनियमच्या फर्स्ट स्टेज इथे बाद.

इथे आपल्या परिसरातला एक विशिष्ट मोह सांगायला हवा. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत लेथवर काहीही बनवून मिळते, औद्योगिक ऑक्सिजनचे रेग्युलेटर आणि फिटिंगही जवळच मिळतात, आणि अभियंत्यांच्या या शहरात कोणीतरी एखादा अडॅप्टर स्वतः बनवून घेण्याची कल्पना मांडतोच. डायव्हिंगचा रेग्युलेटरही मुळात असाच जन्मला, हे खरे आहे: फ्रान्समध्ये युद्धकाळात पेट्रोलऐवजी गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी एमिल गान्यां यांनी जो रेग्युलेटर तयार केला होता, त्यावरूनच त्यांनी आणि जाक कूस्तो यांनी १९४३ मध्ये अॅक्वालंग घडवला. म्हणून आपणही जुगाड करावा असा त्याचा अर्थ होत नाही. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये धातूचा बारीक कीस, कटिंग ऑइलचा डाग किंवा चुकीची ओ-रिंग हे सगळे सरपण आहे, आणि व्हॉल्व्ह झटक्यात उघडताना दाबाने तापलेला गॅस त्याला काडी लावायला पुरेसा असतो.

खरेदी आणि दुरुस्ती

आता कंपनीचा प्रश्न. ज्या मॉडेलांवर तुम्ही आलात, त्या प्रत्येकासाठी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: भारतात अधिकृत दुरुस्ती कोण करतो, दुरुस्तीचे किट त्याच्याकडे तयार असते की प्रत्येक वेळी मागवावे लागते, आणि दोन फर्स्ट स्टेज व दोन सेकंड स्टेज परत मिळायला किती आठवडे लागतात. उत्तर गुळमुळीत आले तर ते मॉडेल यादीतून काढून टाका. परदेशातून कोणी नातेवाईक स्वस्तात आणून देणार असेल तरी हे प्रश्न सुटत नाहीत, उलट हमीचा एक प्रश्न वाढतो.

ट्विनसेटचे सिलिंडर स्वतः घेण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नये. भारतात ते गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात, आयात केलेल्या सिलिंडरला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता लागते, ठरावीक मुदतीने हायड्रोस्टॅटिक चाचणी करावी लागते, आणि विमानात भरलेला सिलिंडर नेता येत नाही. रेग्युलेटरला यांपैकी काही लागू नाही. तो पिशवीत घालून मुर्डेश्वरला किंवा कुडाळला कोकण रेल्वेने नेता येतो, अंदमानला विमानाने नेता येतो, आणि सिलिंडर केंद्रातच भाड्याने मिळतात. मात्र गाडीत ही पिशवी खालच्या बर्थखाली ढकलू नये, शेजारच्याची लोखंडी पेटी तिच्यावरच येते.

वापरलेला रेग्युलेटर स्वस्तात मिळाला तर घ्यावा का? विक्रेत्याकडे दुरुस्तीच्या पावत्या असतील, मॉडेलचे किट अजून मिळत असेल, आणि किमतीत पूर्ण दुरुस्ती व नवे होज यांचा खर्च मिळवूनही फायदा उरत असेल, तरच. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या जाळीवर हिरवट किंवा लाल डाग असेल, तर आत पाणी गेलेले आहे असे समजून हात जोडावेत.

दुरुस्ती उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीप्रमाणे करावी, आणि आपल्यासाठी तिची सोयीची वेळ पावसाळा ही आहे. जूनमध्ये समुद्र बंद होतो, तेव्हा सेट दिला की गणपतीच्या आसपास परत येतो आणि हंगामापूर्वी तपासायला अवधी मिळतो. एका वेळी दोन्ही सेट उघडून घेतले तर परत आल्यावर ते आधी तलावात वापरावेत. नुकताच दुरुस्त झालेला रेग्युलेटर थेट खोल डाइव्हवर नेणे मला कधीच पटलेले नाही.

पाण्यात नेण्यापूर्वी

मधला दाब मोजणारा छोटा गेज मिळतो, जो इन्फ्लेटरच्या होजला टोचून बसवता येतो. या सगळ्या यादीतली ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि फार थोड्या लोकांकडे असते. सेट सिलिंडरला लावून व्हॉल्व्ह सावकाश उघडा, सेकंड स्टेजचे बटण दोन-चार वेळा दाबा आणि काटा कुठे स्थिरावतो ते पाहा. तो पुस्तिकेत दिलेल्या आकड्यांत येऊन थांबला पाहिजे. थांबण्याऐवजी हळूहळू वर चढत राहिला, तर फर्स्ट स्टेजच्या आतली सीट गॅस अडवत नाही; पुढे तो जादा दाब सेकंड स्टेजमधून फ्री-फ्लोच्या (गॅस न थांबता वाहण्याच्या) रूपाने बाहेर पडेल. असा रेग्युलेटर त्या दिवशी पाण्यात नेऊ नये. दोन्ही फर्स्ट स्टेजचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते.

मग सेट जोडून, विंग-हार्नेस चढवून, घरातच आरशासमोर उभे राहा. उजवा हात मागे नेऊन उजवा व्हॉल्व्ह आणि आयसोलेटर, डावा हात मागे नेऊन डावा व्हॉल्व्ह, तिन्ही मुठी होजला न अडकता पूर्ण बंद करून पूर्ण उघडता येतात का ते पाहा. लांब होज कोणत्याही होजखाली न अडकता मानेवरून एका हालचालीत सुटतो का, हे दुसऱ्या माणसाला तोंडासमोर उभे करून तपासा. होज वाटेत येत असेल तर फर्स्ट स्टेज किंचित फिरवून, होज दुसऱ्या पोर्टला नेऊन पुन्हा पाहा. या खटपटीत एक आख्खा रविवार जातो आणि तो घालवावा. त्यानंतर तलावात, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हाच क्रम आडव्या स्थितीत, तळापासून एक मीटर वर स्थिर राहून करावा. मूठ फिरवताना शरीर वर-खाली गेले तर दोष रेग्युलेटरचा नाही, सरावाचा आहे. पण हात दर वेळी त्याच होजवर आपटत असेल, तर घरी येऊन कागदावरचा नकाशा पुन्हा काढा.